सेकंदाला १७ मीटर: अतिथंड अणूंच्या ढगातून जाणारा प्रकाश

निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. फेब्रुवारी १९९९ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या अतिथंड अणूंच्या ढगातून प्रकाशाचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, पाठवला होता आणि त्याचा वेग सेकंदाला १७ मीटर इतका खाली आणला होता. म्हणजे ताशी साधारण ६१ किलोमीटर. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांनी तो स्पंद ढगाच्या आत पूर्ण थांबवला आणि क्षणभराने पुन्हा सोडूनही दिला.

हे ऐकलं की डोळ्यांसमोर एक चित्र येतं. समोर अणूंची दाट गर्दी आहे, प्रकाश त्यांना धडकतोय, वाट काढता काढता मंदावतोय. हे चित्र चुकीचं आहे. तो सोडियमचा ढग आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा काही लाख पटींनी विरळ होता. पदार्थात प्रकाशाच्या लाटांचा वेग किती पटींनी कमी होतो, तो आकडा म्हणजे अपवर्तनांक. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असतो, म्हणून काचेत प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटरवर येतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४ आहे, तिथे वेग सव्वा लाखाच्या जवळ जातो. या ढगाचा अपवर्तनांक मात्र जवळजवळ १ होता, म्हणजे निर्वाताइतकाच. नुसत्या अपवर्तनांकाकडे पाहिलं तर प्रकाशाला इथे काहीच अडथळा नव्हता. तरी वेग जवळपास पावणेदोन कोटी पटींनी कमी झाला.

हे कसं घडलं ते समजून घ्यायला आधी अणूंना थंड करण्याची गोष्ट नीट पाहावी लागते, कारण दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कण हे लाटांसारखेही वागतात, आणि आजूबाजूचा गोंधळ पुरेसा कमी झाला की हे लाटपण ठळकपणे दिसू लागतं.

लेझरने अणू थांबवायचा कसा

वायूचं तापमान म्हणजे त्यातल्या अणूंच्या धावपळीचं माप. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाने धावत असतो. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस म्हणजे शून्य केल्विन ही तापमानाची तळाची मर्यादा. तिच्याजवळ जाता येतं, तिथे पोहोचता मात्र येत नाही. तारे-दीर्घिकांमधल्या मोकळ्या अवकाशातही महास्फोटानंतर उरलेलं प्रारण सुमारे २.७ केल्विनचं आहे. इथे आपण बोलतोय ते नॅनोकेल्विनबद्दल, म्हणजे एका केल्विनच्या अब्जाव्या भागाबद्दल. या तापमानाला तोच रुबिडियमचा अणू सेकंदाला काही मिलिमीटर सरकतो.

इतकी थंडी कोणत्याही शीतकपाटात मिळत नाही. भांड्याच्या भिंतीला अणू टेकला तरी सगळं संपलं, कारण भिंत त्याच्या मानाने भयंकर गरम असते. म्हणून अणूंना निर्वात कक्षात अधांतरी ठेवावं लागतं आणि प्रकाशानेच थंड करावं लागतं. लेझर म्हटलं की आपल्याला कापणं, वितळवणं, तापवणं आठवतं, त्यामुळे इथे थोडं थांबून पाहू.

प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, अणूने शोषला की अणूला त्या दिशेने एक बारीकसा धक्का बसतो. रुबिडियमच्या बाबतीत एका फोटॉनच्या धक्क्याने वेगात सेकंदाला साधारण ६ मिलिमीटरचा फरक पडतो. समोरून ३०० मीटर वेगाने येणारा अणू थांबवायचा तर असे सुमारे ५० हजार धक्के हवेत. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण अणू फोटॉन शोषून पुन्हा बाहेर टाकायला सेकंदाच्या कोट्यांशाहूनही कमी वेळ घेतो, त्यामुळे ५० हजार धक्के काही मिलिसेकंदांत बसून जातात. बाहेर टाकताना अणू फोटॉन कुठल्याही दिशेला फेकतो, म्हणून त्या वेळचे धक्के सरासरीत एकमेकांना रद्द करतात. शोषतानाचे धक्के मात्र सगळे एकाच दिशेचे, लेझर जिकडे जातोय तिकडचे.

अडचण अशी की वायूत अणू सगळीकडे धावत असतात. समोरून येणाऱ्याला थांबवणारा लेझर त्याच दिशेने पळणाऱ्याला आणखी पळवेल. १९७५ मध्ये टेओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी यावर तोड सुचवली. अणू एका ठरावीक वारंवारतेचाच प्रकाश शोषतो. लेझरची वारंवारता त्याहून किंचित कमी ठेवायची. लेझरच्या दिशेने येणाऱ्या अणूला डॉप्लर परिणामामुळे ती वाढलेली वाटते, बरोबर जुळते, आणि तो प्रकाश शोषून धक्का खातो. दूर जाणाऱ्या अणूला ती आणखीच कमी वाटते, म्हणून तो लेझरकडे लक्षच देत नाही. असे सहा झोत तीन दिशांच्या दोन्ही बाजूंनी सोडले की अणू कुठेही वळला तरी समोर रोखणारा झोत असतोच.

१९८५ मध्ये स्टीव्हन चू यांनी बेल लॅब्समध्ये सोडियमच्या अणूंवर हे करून दाखवलं. गणितानुसार या पद्धतीने सोडियम २४० मायक्रोकेल्विनपर्यंतच थंड व्हायला हवा होता (मायक्रोकेल्विन म्हणजे केल्विनचा दहा लाखावा भाग). १९८८ मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या गटाने नीट मोजलं तर तापमान निघालं ४३ मायक्रोकेल्विनच्या आसपास. प्रयोग सिद्धांतापेक्षा सरस ठरण्याचे प्रसंग विज्ञानात फार थोडे, आणि हा त्यातला अस्सल प्रसंग आहे. अणूची अंतर्गत पातळी आणि झोतांच्या एकत्र येण्याने तयार होणारे प्रकाशाचे चढउतार यांचा मेळ असा बसत होता, की अणू सतत चढ चढत राहायचा आणि त्यात आपली ऊर्जा गमवायचा. क्लोद कोहेन-तानुजी यांनी हे स्पष्टीकरण विकसित केलं, आणि तिघांना १९९७ चं नोबेल मिळालं.

एवढं करूनही पुढचा टप्पा दूरच होता. लेझर चालू असेपर्यंत फोटॉनचे धक्के थांबत नाहीत, म्हणून एका मर्यादेनंतर लेझर बंदच करावे लागतात. मग अणूंना चुंबकीय सापळ्यात धरायचं आणि त्यातल्या सर्वांत वेगवान अणूंना रेडिओ लहरींच्या मदतीने निवडून बाहेर काढायचं. उरलेले आपसात धडकतात, ऊर्जा वाटून घेतात, आणि सरासरी तापमान खाली येतं. पुन्हा वरचे काढायचे, पुन्हा वाट पाहायची. अणू कमी कमी होत जातात आणि ढग थंड थंड होत जातो. यात एक चिवट अडचण आली. सापळ्याच्या अगदी मध्यावर चुंबकीय क्षेत्र शून्य होतं आणि जमणारे सर्वांत थंड अणू नेमके त्याच भोकातून निसटायचे. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वाइमन यांच्या गटाने ते भोक फिरत्या चुंबकीय क्षेत्राने सतत हलतं ठेवलं, म्हणजे अणूंना ते गाठताच येईना. एमआयटीमध्ये वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाने लेझरचा झोत बुचासारखा बसवून ते बंद केलं.

सगळे अणू एकाच लाटेत

५ जून १९९५ रोजी कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे, जिला या संस्थेत, कॉर्नेल आणि वाइमन यांच्या गटाला हवं ते दिसलं. सुमारे २,००० रुबिडियम अणू, तापमान १७० नॅनोकेल्विनच्या आसपास, आणि पदार्थाची एक अवस्था जिचं भाकीत सत्तर वर्षांपूर्वी झालं होतं.

ते भाकीत ज्या निबंधातून निघालं तो ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी जून १९२४ मध्ये आइन्स्टाइनना पाठवला होता. बोस प्रकाशकणांची मोजदाद करत होते. त्यांचा मुद्दा दोन कण आणि दोन कप्पे घेऊन समजतो. कण वेगवेगळे ओळखता येत असतील तर मांडणीचे चार प्रकार होतात: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, पहिला डावीकडे नि दुसरा उजवीकडे, आणि त्याच्या उलट. दोघे एकाच कप्प्यात सापडण्याची शक्यता निम्मी. आता कण इतके एकसारखे माना की 'पहिला' आणि 'दुसरा' म्हणण्याला अर्थच उरत नाही. मग शेवटचे दोन प्रकार एकच होतात. एकूण तीन प्रकार, त्यातले दोन एकत्र असण्याचे. शक्यता दोन तृतीयांश झाली. कुठलंही आकर्षण नाही, कुठलंही बळ नाही, नुसत्या मोजणीच्या नियमाने कण एकत्र सापडण्याकडे झुकले. आइन्स्टाइन यांनी तो निबंध स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून प्रसिद्ध करवला. मग हाच नियम अणूंना लावला, तेव्हा त्यांना दिसलं की पुरेशा थंडीत अणूंचा मोठा भाग एकदम सर्वांत खालच्या ऊर्जापातळीत जाऊन बसेल. हेच बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट.

लाटांच्या बाजूने पाहिलं तर हेच आणखी स्पष्ट होतं. प्रत्येक अणूची एक तरंगलांबी असते आणि अणू जितका मंद तितकी ती लांब. खोलीच्या तापमानाला रुबिडियमची तरंगलांबी अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान असते, म्हणून अणू चेंडूसारखा वागतो आणि लाटेचा पत्ताही लागत नाही. १७० नॅनोकेल्विनला ती जवळपास अर्धा मायक्रोमीटर होते, म्हणजे अणूच्या आकाराच्या शेकडो पट. आता ती शेजारच्या अणूपर्यंत पोहोचू लागते. लाटा एकमेकींवर चढतात आणि शेवटी हजारो अणूंचं वर्णन करायला एकच लाट पुरते.

हे दिसतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. कंडेन्सेट इतकं लहान असतं की सापळ्यात असताना त्याचा नीट फोटो काढणं अवघड. म्हणून सापळा बंद करतात, ढगाला क्षणभर पसरू देतात आणि लेझरच्या उजेडात त्याची सावली टिपतात. जलद अणू लांब गेलेले दिसतात, मंद अणू मध्याशी राहतात. साधा ढग सगळीकडे सारखा, गोल पसरतो. कंडेन्सेट झालं असेल तर मध्यभागी एक टोकदार सुळका उभा राहतो, आणि तो गोल नसून लंबगोल असतो. ज्या दिशेने सापळ्यात जास्त दाबलेला होता, त्याच दिशेने तो जास्त फाकतो. स्थान जितकं नेमकं बांधाल तितका वेग अनिश्चित होतो, हा क्वांटमचा नियम तिथे सावलीत मोजता येतो. अशा प्रत्येक फोटोत तो ढग नष्ट होतो आणि पुढच्या फोटोसाठी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

इतक्या थंडीत हा वायू गोठून घन का होत नाही, ही शंका रास्त आहे. खरं तर त्याला घनच व्हायचं असतं. पण दोन अणूंना जोडीने बांधलं जायचं तर सुटलेली ऊर्जा घेऊन जायला तिसरा अणू त्याच क्षणी तिथे हवा. ढग इतका विरळ असतो की तिघांची गाठ क्वचितच पडते. त्या उसंतीतच, काही सेकंद, फार तर मिनिटभर, कंडेन्सेट जगतं.

सगळेच अणू असे एका लाटेत येत नाहीत. अणूतले प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन मिळून बेरीज सम आली तर तो बोसॉन. रुबिडियम-८७ मध्ये ती १२४ आहे. पोटॅशियम-४० मध्ये ५९ येते, तो फर्मिऑन, आणि दोन फर्मिऑन एका अवस्थेत राहूच शकत नाहीत. डेबोरा जिन यांच्या गटाने २००३ मध्ये अशा अणूंच्या जोड्यांचं कंडेन्सेट केलं. एरवी एकेकटे राहणारे अणू जोडीने बोसॉनसारखे वागले. २०१७ मध्ये झुरिकच्या आणि एमआयटीच्या गटांनी अतिघन अवस्थेचे पुरावे मांडले, ज्यात पदार्थाची मांडणी घनासारखी नियमित असते आणि तरीही तो घर्षणाविना वाहतो. माझ्या मते या यादीतली ही सर्वांत विलक्षण अवस्था आहे, पण तिच्यावर स्वतंत्रपणेच लिहायला हवं.

स्पंद रेंगाळतो, लाटा नाही

आता प्रकाशाकडे. सोडियमच्या अणूला एका विशिष्ट पिवळ्या प्रकाशाची ओढ असते. त्या वारंवारतेचा प्रकाश ढगात सोडला तर तो लगेच शोषला जातो आणि पलीकडे काही पोहोचत नाही. हाऊ यांनी वापरलेली युक्ती स्टीव्ह हॅरिस यांच्या गटाने १९९१ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या वाफेत दाखवलेली होती. अणूत खाली दोन पातळ्या आणि वर एक पातळी अशी योजना घ्या. ज्याला मंदावायचं तो स्पंद पहिल्या खालच्या पातळीला वरच्या पातळीशी जोडतो. त्याच्याबरोबर दुसरा, जोरदार लेझर सोडायचा, जो दुसऱ्या खालच्या पातळीला त्याच वरच्या पातळीशी जोडतो. वर जाण्याचे दोन मार्ग तयार होतात आणि ते एकमेकांच्या नेमके विरुद्ध तालात असतात. एका झोपाळ्याला दोघांनी सारख्याच जोराने पण बरोबर उलट ढकललं तर झोपाळा जागेवरच राहतो, तसा अणू खालीच राहतो. तो वर जात नाही, म्हणून प्रकाश शोषत नाही. अपारदर्शक ढग त्या एका वारंवारतेपुरता काचेसारखा स्वच्छ होतो.

पारदर्शकतेची ही खिडकी अतिशय अरुंद असते, आणि मंद वेगाचं कारण या अरुंदपणातच आहे. खिडकीच्या मधोमध अपवर्तनांक १ असतो, पण वारंवारता किंचित वाढवली की तो किंचित वाढतो, कमी केली की कमी होतो. हा चढ प्रचंड तीव्र असतो. आता, प्रकाशाचा स्पंद एका वारंवारतेचा कधीच नसतो. जवळजवळच्या अनेक वारंवारतांच्या लाटा जिथे एका तालात येतात, तिथे स्पंदाचं शिखर दिसतं आणि बाकी सगळीकडे त्या एकमेकींना पुसून टाकतात. प्रत्येक वारंवारतेला थोडा वेगळा अपवर्तनांक मिळाला की ताल जुळण्याची जागा बदलते. चढ जितका तीव्र, तितकी ती जागा हळू पुढे सरकते. लाटांचे माथे जवळपास पूर्ण वेगाने धावतच असतात. रेंगाळतं ते शिखर, आणि संदेश घेऊन जातं तेही शिखरच. म्हणून प्रकाश मंदावला असं म्हणणं योग्य आहे, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेला त्याने धक्काही लागत नाही. तिथली मर्यादा निर्वातातल्या वेगाची आहे, आणि ती ओलांडण्यावर.

स्पंदाचं पुढचं टोक ढगात शिरून मंदावतं तेव्हा मागचा भाग बाहेर पूर्ण वेगाने येतच असतो. त्यामुळे स्पंद आखडतो. बाहेर शेकडो मीटर लांबीचा असलेला स्पंद ढगात मिलिमीटरच्या काही शतांशांत मावतो. इथे मनात शंका यावी. सगळी ऊर्जा इतक्या जागेत कोंबली तर उजेड भडकायला हवा. तसं होत नाही. स्पंदाची बहुतेक ऊर्जा त्या दुसऱ्या लेझरच्या झोतात निघून जाते आणि स्पंदाचा ठसा अणूंवर उमटतो. दोन्ही खालच्या पातळ्यांचं मिश्रण ढगात कुठे किती आणि कोणत्या तालात, या रूपात स्पंदाचा आकार नोंदला जातो. आत पुढे सरकत असतं ते थोडा प्रकाश आणि बराचसा अणूंचा ताल असं एकत्र काहीतरी. बाहेर पडताना ऊर्जा दुसऱ्या लेझरकडून परत मिळते.

प्रकाश थांबवण्याची पायरी यातूनच निघते. दुसरा लेझर मंद केला की खिडकी आणखी अरुंद, चढ आणखी तीव्र, वेग आणखी कमी. स्पंद पूर्ण आत असताना तो लेझर बंद केला की प्रकाश उरतच नाही, उरतो फक्त अणूंवरचा ठसा. २००१ मध्ये हाऊ यांनी तो साधारण एक मिलिसेकंद जपला आणि लेझर पुन्हा लावताच स्पंद जसाच्या तसा पुढे निघाला. त्याच सुमारास रोनाल्ड वॉल्सवर्थ आणि मिखाइल लुकिन यांच्या गटानेही रुबिडियमच्या वाफेत प्रकाश साठवून दाखवला.

मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारा वाटतो तो २००७ चा प्रयोग. हाऊ यांच्या गटाने दोन वेगवेगळी कंडेन्सेट घेतली, मध्ये ०.१६ मिलिमीटर अंतर. पहिल्यात प्रकाश विझवला. ठसा असलेल्या अणूंना फोटॉनच्या धक्क्यामुळे सेकंदाला सुमारे ६ सेंटिमीटरचा वेग मिळाला होता. ते आपल्या लाटेसह दोहोंमधली रिकामी जागा ओलांडून दुसऱ्या कंडेन्सेटमध्ये शिरले. तिथे लेझर लावला आणि प्रकाश त्या दुसऱ्या ढगातून प्रकट झाला. त्या ढगातल्या अणूंनी तो प्रकाश आधी कधी पाहिलाच नव्हता. तरी हे जमलं, कारण सोडियमचा एक अणू दुसऱ्यापेक्षा कुठल्याच अर्थाने वेगळा नसतो. बोस यांची मोजदाद इथे उजेडाच्या रूपात दिसते.

मग थंडी अत्यावश्यक आहे का? वेग कमी करण्यापुरती, नाही. १९९९ मध्येच इतर गटांनी रुबिडियमच्या साध्या, गरम वाफेतही प्रकाश सेकंदाला १०० मीटरच्या खाली आणला होता. थंडीने मिळतं ते वेगळं. अणू हलत नसल्याने डॉप्लर परिणामामुळे खिडकी पुसट होत नाही, आणि उमटलेला ठसा अणूंच्या येण्याजाण्याने विसकटत नाही. २०१३ मध्ये डार्मश्टाटच्या गटाने प्रेसिओडिमियम मिसळलेल्या थंड केलेल्या स्फटिकात प्रकाश तब्बल एक मिनिट धरून ठेवला. तिथे अणू स्फटिकात जागच्या जागी बांधलेले होते.

असा प्रकाश धरून ठेवण्याची गरज क्वांटम संदेशवहनाला आहे. काचेच्या प्रकाशतंतूतून जाणारा एकेकटा फोटॉन लांब अंतरावर हरवतो, आणि त्याची प्रत काढून तो वाढवता येत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करणं क्वांटम यांत्रिकीत अशक्य आहे. म्हणून वाटेत जागोजागी अशी स्थानकं हवीत, जिथे फोटॉन अणूंमध्ये उतरवून ठेवता येईल आणि पुढचा दुवा तयार झाला की परत काढता येईल. तो साठवताना हरवू नये, परत येताना ताल बिघडू नये आणि वाट पाहायला वेळही पुरेसा मिळावा, या तिन्ही अटी एकाच उपकरणात बसवण्याचं काम अतिथंड अणूंवरही चालू आहे आणि स्फटिकांवरही.